फिट येताना मन आणि श्वास सावरून ती टाळता येते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मिरगीच्या पेशंटांनी आणि त्यांच्या घरच्यांनी विचारलेले आहेत. कुणी ग्रामीण रुग्णालयाच्या रांगेत, कुणी एसटीत शेजारी बसून, कुणी आवाज बारीक करून फोनवर. मी स्वतः फिटचा पेशंट आहे, माझी गोळी चालू आहे, आणि वर्धा-यवतमाळकडच्या खेड्यांत अशा घरांत माझं जाणं-येणं असतं. मी डॉक्टर नाही. श्वास, एकाग्रता, अंग सैल सोडणं हे सगळं गोळीच्या जोडीला करायचं, गोळीच्या जागी नाही. एवढं पटत नसेल तर पुढचं वाचू नका, नुकसान होईल.

मन घट्ट केलं तं फिट थांबते काय?

काहींची, काही वेळा. सगळ्यांची नाही. आणि मन ‘घट्ट’ करून तर नाहीच. दातओठ खाऊन, मुठी आवळून अडवायला गेलं की अंग आणखी ताठतं.

ढोबळमानाने फिट दोन तऱ्हांची असते. एक मेंदूच्या एका भागात सुरू होते आणि तिथून पसरते. तिच्यात बऱ्याच जणांना आधी चाहूल लागते आणि तेवढ्या वेळात काहीतरी करता येतं. दुसरी मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकदमच सुरू होते. माणूस बोलता बोलता कोसळतो, किंवा शाळेतलं पोरगं पाच-दहा सेकंद शून्यात पाहत राहतं आणि मास्तरला वाटतं याचं लक्ष नाही. या दुसऱ्या तऱ्हेत आयत्या वेळी काही करायला सवडच नसते. तिथे उपयोग झालाच तर रोजच्या सरावाचा होतो.

तुमची फिट कोणती, ते डॉक्टर सांगतील. ईईजी (डोक्याला तारा लावून काढतात तो मेंदूतल्या विजेचा आलेख) नॉर्मल आला म्हणून मिरगी नाही असं समजू नका. फिट नसतानाच्या वेळी काढलेला ईईजी पुष्कळांचा नॉर्मल येतो. फिट डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं सांगणं डॉक्टरांना जास्त कामी येतं.

चाहूल म्हणजे काय? मला तर काहीच कळत नाही.

पोटातून गोळा वर चढल्यासारखं वाटणं, कारण नसताना पोटात भीतीचा खड्डा पडणं, काही जळत नसताना जळका वास, तोंडात लोखंडासारखी चव, एका हाताला मुंग्या, समोरचा प्रसंग आधी घडून गेलाय असं पक्कं वाटणं, किंवा स्वतःचंच घर परकं वाटणं. माझ्या बाबतीत पोटातून काहीतरी सरकत गळ्यापर्यंत येतं आणि समोरच्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा लांब जातो. हे सगळं काही सेकंद ते एखाद-दोन मिनिटं चालतं. खरं तर ही चाहूल म्हणजेच छोटी फिट असते. मेंदूत ती सुरू झालेली असते, फक्त पसरलेली नसते.

कळत नाही म्हणणाऱ्यांना मी एकच काम सांगतो : वही ठेवा. तारीख, वेळ, आदल्या रात्रीची झोप, गोळी घेतली का, उपास होता का, पाळीचे दिवस, घरात भांडण, आणि पडण्याआधीची आठवेल ती शेवटची गोष्ट. घरच्यांनाही विचारा. एका माणसाला स्वतःला काहीच आठवत नसे. बायको म्हणाली, पडायच्या आधी हे दोन वेळा गिळतात आणि शर्टाची गुंडी चाचपत बसतात. त्याची चाहूल त्याला नाही, तिला दिसत होती. आता ती लगेच हाक मारून त्याला खाली बसवते. फिट येतेच, पण डोकं फुटत नाही.

काही महिने वही भरूनही चाहूल सापडली नाही, तर ती नसेल. मग आयत्या वेळच्या उपायांच्या मागे लागू नका. झोप, गोळी आणि रोजचा सराव यांवर भर द्या.

लक्ष दुसरीकडे वळवल्यानं मेंदूत फरक कसा काय पडतो?

फिट म्हणजे मेंदूतल्या काही पेशी एकाच तालात, बेसुमार पेटतात. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या उपटलेल्या झाडांच्या, ढिगाला एका बाजूनं आग लागली आणि शेजारच्या पऱ्हाट्या ओल्या असल्या तर आग तिथेच धुमसते. वाळक्या असल्या तर सगळा ढीग जातो. शेजारच्या पेशी त्या क्षणी दुसऱ्या कामात गुंतलेल्या असल्या तर त्यांना त्या तालात ओढणं अवघड जातं, असं मानलं जातं.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडचे डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी 1881 मध्येच लिहून ठेवलं होतं की एका हातापासून सुरू होणारी फिट हात चोळून किंवा वर घट्ट आवळून कधी कधी तिथल्या तिथे अडते. पुढे 1956-57 मध्ये रॉबर्ट एफ्रन यांनी एका बाईची हकीकत छापली. तिच्या फिटची सुरुवात वासाच्या भासानं व्हायची. त्या क्षणी जोरकस वास घेतला की फिट पुढे सरकायची नाही. चमेलीचं अत्तर तिच्या कामी आलं. मग तो वास आणि हातातलं कडं यांची जोडी लावून सराव करून घेतला, तेव्हा नुसतं कड्याकडे पाहूनही काम होऊ लागलं. ही एका बाईची गोष्ट आहे, सगळ्यांना लागू पडणारा नियम नव्हे. पण सरावानं मेंदूला खूण शिकवता येते, हे त्यातून दिसलं.

मग आमचे लोक जोडा हुंगवतात, कांदा फोडतात, ते बरोबरच झालं ना?

नाही. हा प्रश्न मला प्रत्येक गावात येतो आणि विचारणाऱ्याचा चेहरा ‘सापडलास’ असा असतो. त्या बाईनं वास स्वतः, शुद्धीत असताना, अगदी सुरुवातीला घेतला होता, आणि तिची फिटच वासाच्या जागेवरून उठणारी होती. माणूस पडून हातपाय झाडायला लागला की जोड्याचा वास त्याच्यापर्यंत पोचत नाही. बहुतेक फिट आपोआप एक ते तीन मिनिटांत थांबतात. जोडा शोधून आणेपर्यंत तेवढा वेळ जातो आणि श्रेय जोड्याला मिळतं. वर त्याचं नाक-तोंड दाबलं जातं, चपलेची घाण तोंडात जाते, आणि चारचौघांत पायताण तोंडाला लावल्याची लाज त्याला नंतर कितीतरी दिवस पुरते.

यावर काही अभ्यास झालाय, की नुसत्या सांगोवांगीच्या गोष्टी?

झालाय, फार मोठा नाही. दोन अभ्यास मी नेहमी सांगतो.

पहिला अमेरिकेतला, 2018 मध्ये छापून आलेला. गोळ्या चालू असूनही फिट येणारे 66 जण होते. एका गटाला अंगातले स्नायू क्रमानं आवळून सैल सोडायला शिकवलं. दुसऱ्या गटाला तशाच हालचाली आणि लक्ष लावायची कामं दिली, पण सैल सोडण्याचा भाग वगळून. तीन महिन्यांत पहिल्या गटाच्या फिट 29 टक्क्यांनी कमी झाल्या आणि दुसऱ्याच्या 25 टक्क्यांनी. म्हणजे घट दोन्हीकडे, आणि एक पद्धत दुसरीपेक्षा भारी असं सिद्ध झालं नाही. ताण मात्र सैल सोडणाऱ्यांचा जास्त उतरला. दोन्ही गट रोज आपली नोंद ठेवत होते, आणि मला वाटतं त्या नोंदीचाही वाटा असावा. रोज स्वतःकडे पाहणारा माणूस गोळी विसरत नाही आणि जागरण करताना दोनदा विचार करतो.

दुसरा दिल्लीच्या एम्सचा, 2023 चा. 160 पेशंट, सगळ्यांची औषधं चालू. अर्ध्यांना हलकी आसनं, संथ प्राणायाम, ध्यान. उरलेल्यांना दिसायला तसाच व्यायाम, पण श्वासाची लय आणि शरीराच्या हालचालीकडे लक्ष देण्याच्या सूचना गाळून. सहा महिन्यांनी फिट निम्म्याहून कमी होण्याची शक्यता योग करणाऱ्यांत चौपटीहून जास्त दिसली. हा अभ्यास मुळात मिरगीपायी वाटणाऱ्या लाजेबद्दल होता, आणि ती लाजही योगवाल्यांची कमी झाली. मला ही गोष्ट फिटच्या आकड्यांइतकीच मोलाची वाटते.

एवढ्यावरून ‘योगानं मिरगी बरी होते’ असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. लोक थोडे, महिने थोडे, आणि गोळी कुणाचीच बंद केलेली नव्हती.

रोज काय करायचं ते सांगा.

दिवसातून एकदा, जमल्यास दोनदा, पंधरा-वीस मिनिटं. पोट फार भरलेलं नको, उपाशीही नको. जमिनीवर भिंतीला टेकून बसा, नाहीतर आडवे व्हा. बाजेवर नको, तिथून खाली पडलात तर लागेल.

पहिलं श्वासाचं. नाकानं हळू श्वास घ्या, मनात चारपर्यंत मोजा. हळू सोडा, सहापर्यंत मोजा. हात बेंबीवर ठेवला तर पोट वर-खाली होताना कळतं. छाती फुगवायची नाही. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. डोकं हलकं वाटायला लागलं तर तुम्ही घाई करताय किंवा जास्त खोल ओढताय.

मग अंगाचं. पायाची बोटं पाच सेकंद आवळा, सोडा, आणि सोडल्यावर काय वाटतं तिकडे दहा-पंधरा सेकंद लक्ष द्या. पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, जबडा, कपाळ असं वर या. खांद्याशी आणि जबड्याशी थांबा. आमच्याकडे दिवसभर पाठीवर पंप घेऊन फवारणी करणाऱ्या माणसाचे खांदे रात्री झोपेतही कानाला लागलेले असतात, आणि त्याला ते सांगितल्याशिवाय कळत नाही. खांदे खाली सोडल्यावर कितीतरी जण म्हणतात, ‘अरे, हे इतके वर होते काय!’

शेवटी एक खूण जोडा. श्वास सोडताना मनात एकच शब्द म्हणा, रोज तोच. देवाचं नाव, मुलीचं नाव, काहीही. आणि त्याच वेळी अंगठा तर्जनीवर टेकवा. एक-दोन महिने रोज केलं की तो शब्द आणि तो स्पर्श शांतपणाशी बांधला जातो. पुढे चाहूल लागल्यावर वीस मिनिटं नसतात, तेव्हा ही खूणच हाताशी असते. ज्यांनी रोजचा सराव सोडून फक्त आणीबाणीत खूण वापरून पाहिली, त्यांच्या हाती काही लागलं नाही.

चाहूल लागली. आता त्या क्षणी?

आधी बसा. चूल, विहीर, रस्ता, बैल, थ्रेशर यांपासून दूर. मोटारसायकलवर असाल तर बाजूला थांबवून किल्ली काढा. (खरं तर फिट ताब्यात नसताना गाडी चालवूच नये; लायसन्सच्या अर्जात मिरगीबद्दल विचारलेलं असतं ते उगाच नाही.) शेजारच्याला सांगा. हे झाल्यावरच बाकीचं.

मग तुमच्या फिटला जे मानवतं ते. हाताला मुंग्या येऊन किंवा झटके येऊन सुरू होत असेल, तर तो हात मनगटापासून वर जोरात चोळा, मूठ उघड-बंद करा. भीती किंवा पोटातला गोळा असेल, तर लांब श्वास सोडत आपला शब्द. ‘हरवल्यासारखं’ होत असेल, तर भोवतालाला धरून राहा : पाच दिसणाऱ्या वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या, पाय जमिनीवर दाबा, कुणालातरी तुमच्याशी बोलायला लावा.

कापूस वेचणारी एक ताई मला म्हणाली, ती वेचताना वाळलेलं बोंड कमरेच्या ओटीत मुद्दाम ठेवते. बोंडाच्या पाकळीचं टोक किती टोचतं ते वेचणाऱ्यालाच माहीत. नखाच्या कडेला रोज ओरखडे असतात. डोळ्यापुढचं पांढरं वावर लांब सरकायला लागलं की ती ते टोक अंगठ्याच्या गादीवर दाबते आणि तासातली, म्हणजे पेरलेल्या ओळीतली, झाडं मोठ्यानं मोजते. प्रत्येक वेळी जमतं का? नाही, म्हणाली, पण निम्म्या वेळा मी तासातच बसून राहते, पडत नाही. तिच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं, हसले नाहीत, आणि गोळीचा डोसही थोडा वाढवला. दोन्ही मिळून तिचं चाललंय.

लक्ष लावलं की फिट उलट वाढते. माझंच असं होतं का?

तुमचंच नाही. काही जण चाहुलीकडेच टक लावून बसतात : आता वर चढतंय, आता गळ्याशी आलं. तेवढ्यानं ती बळावते. लक्ष फिटवरून काढून बाहेरच्या गोष्टीवर न्यायचं असतं.

काहींची फिट गुंगीत, झोपेच्या उंबरठ्यावर येते. त्यांनी चाहूल लागल्यावर अंग सैल सोडलं तर ते फिटच्याच दिशेनं जातात. त्यांनी उठून बसावं, तोंडावर पाणी मारावं, मोठ्यानं बोलावं. आणि थोड्या जणांना हिशेब, पत्ते, बुद्धिबळ असल्या डोकं चालवायच्या कामांनीच फिट किंवा हाताला हिसके येतात. त्यांना ‘शंभरातून सात वजा करत जा’ हा सल्ला घातक. म्हणून दुसऱ्याचा उपाय जसाच्या तसा उचलू नका. वहीत बघा, तुमची फिट कोणत्या घडीला येते : दमल्यावर, की निवांत झाल्यावर?

टीव्हीवर पाहून कपालभाती आणि भस्त्रिका करतो. चालेल?

मी तरी करू नका म्हणेन, निदान डॉक्टरांना विचारल्याशिवाय. भराभर आणि खोल श्वास घेतल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि काही तऱ्हांच्या फिट त्यानं चाळवतात, विशेषतः मुलांची टक लावून बसायची फिट. ईईजी काढताना तीन मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावतात तो याचसाठी, दडलेली गडबड वर यावी म्हणून. तिथे शेजारी तंत्रज्ञ असतो, तुमच्या ओट्यावर कोण असतं? श्वास कोंडून धरणंही नको, शीर्षासन तर नकोच.

ताण घालवला, ध्यान केलं, तरी फिट आलीच. कुठे अडलं?

बहुतेक वेळा झोपेत. रब्बीत कृषिपंपाची लाईन रात्रीची असली की हरभऱ्याच्या ओलितासाठी माणूस रात्रभर बांधावर असतो, आणि सकाळी डोळा लागतो न लागतो तोच चहाला उठवतात. फिटवाल्याला ही सगळ्यात वाईट घडी. पूर्व विदर्भात दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, रात्रभर चालतात. लग्नसराई, सप्ताह, जागरण आहेच. तरुण पोरांत एक मिरगी अशी असते की जागरणानंतर सकाळी उठल्या उठल्या हाताला हिसके बसतात, हातातला चहाचा कप उडतो, आणि मग मोठी फिट. अशाला पहाटेचं ध्यान म्हणून चार वाजता उठवू नका! त्याला झोपू द्या.

रात्रीची पाळी घरातल्या दुसऱ्यानं घ्यावी. भावकीत यावरून कटकट होते, मला माहीत आहे. तरी घ्यावी.

दुसरं कारण चुकलेली गोळी. तालुक्याला गोळी संपलेली असते आणि माणूस ‘पुढच्या आठवड्यात पाहू’ म्हणतो. आठ दिवसांची गोळी नेहमी शिल्लक ठेवा. तिसरं ताप, चौथं कडक उपास. दारू ही तर वेगळीच भानगड : रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली की पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. मोहाची असो की दुकानची, सोडायची तर डॉक्टरांच्या हाताखाली सोडा.

बाईमाणसानं डोळे मिटून बसायला वेळ कुठून आणायचा? सासू म्हणते, हिला ढोंग सुचते.

खरा प्रश्न हा आहे, आणि यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. बसायला मिळत नसेल तर हाताच्या कामात सराव घाला. फुलवाती वळताना, तांदूळ निवडताना, निंदण करताना श्वासाची चार-सहाची लय चालू शकते. कुणाला दिसतही नाही. झोपताना मुलाला थोपटत थोपटत पाय ते कपाळ असं अंग सैल सोडता येतं. नवऱ्याला किंवा एका नणंदेला विश्वासात घ्या. एक माणूस बाजूनं असला की पुष्कळ होतं. आशाताईला घरी बोलवा. सुनेनं सांगितलेलं सासू ऐकत नाही, आशाताईचं बऱ्याचदा ऐकते.

काहींना पाळीच्या आसपास फिट वाढतात. वहीतून हे दिसलं तर डॉक्टरांना दाखवा, त्यावर उपाय असतात. आणि दिवस राहायचे असतील तर आधी डॉक्टरांना भेटा. व्हॅल्प्रोएट ही गोळी पोटातल्या बाळाला अपाय करू शकते, म्हणून ती बदलावी लागू शकते; पण मनानं बंद करायची नाही, मोठी फिट आई आणि बाळ दोघांनाही धोक्याची. फोलिक ॲसिडचंही तेव्हाच विचारा.

चूल पेटलेली असताना शक्यतो एकटीनं बसू नये. पाणी विहिरीवरून ओढायचं काम दुसऱ्याला द्यावं, निदान काठाशी ओणवं व्हायचं तरी.

गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला जातो, त्यानं फायदा होईल का?

जात असाल तर जरूर जात राहा. पहाटेचं सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना ही आपल्या भागातल्या कितीतरी गावांची तुकडोजी महाराजांच्या काळापासूनची सवय आहे. ठरलेली वेळ, ताठ पण सैल बसणं, संथ लय, भोवती ओळखीची माणसं. ध्यान शिकायला वेगळं शिबिर कशाला हवं? शिवाय चार लोकांना तुमची फिट माहीत असली की पडल्यावर धावाधाव होत नाही. फक्त पहाटेसाठी झोप तोडू नका. लवकर निजत असाल तरच जा, नाहीतर संध्याकाळची प्रार्थना पुरे.

आणि बुवा? त्यानं गोळी बंद करून मंत्र दिलाय.

गोळी बंद करायला सांगणाऱ्याकडे परत जाऊ नका. देवाला नारळ फोडायला माझी हरकत नाही, माझी आईही फोडते. पण डोक्याला जुना मार, जन्मताना बाळ गुदमरणं, मेंदूत पट्टकृमीच्या अळ्यांची गाठ अशी कितीतरी कारणं मिरगीमागे असतात. ती गाठ तर माळकऱ्यालाही होते, कारण त्या कृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून, घाण पाण्यातून पोटात जातात. ती मंत्रानं विरघळत नाही. चटके देणं, साखळीनं मारणं हे तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हाच आहे. आणि मिरगी हमखास बरी करतो अशी जाहिरात करणं 1954 च्या कायद्यानं बंद आहे, भिंतीवर कितीही मोठ्या अक्षरात रंगवलेली असो.

सहा महिने फिट नाही. ध्यान लागू पडलं. आता गोळी कमी करू?

नका करू. सहा महिने ते गोळीमुळे की ध्यानामुळे, हे तुम्हाला आणि मला कळणार नाही. साधारण दोन वर्षं किंवा जास्त काळ एकही फिट न आल्यावर डॉक्टर गोळी उतरवण्याचा विचार करतात, तीही हळूहळू, आणि सगळ्यांची नाही. एकदम बंद केली तर फिटवर फिट येऊन जीव जाऊ शकतो.

डॉक्टर म्हणाले ही मिरगी नाही, टेन्शनचे झटके आहेत. म्हणजे ती नाटक करते?

नाही. दिसायला फिटसारखेच, पण मेंदूतल्या विजेच्या गडबडीमुळे न येणारे झटके असतात. ते मुद्दाम केलेले नसतात, त्या व्यक्तीच्या हातात नसतात. सोसलेलं, न बोललेलं दुःख पुष्कळदा मागे असतं. अशा झटक्यांवर मिरगीच्या गोळ्या चालत नाहीत. समुपदेशन, श्वास आणि भोवतालाला धरून राहण्याचे हेच सराव मुख्य उपचार म्हणून चालतात. काही जणांना दोन्ही असतं, तेव्हा घरी निदान करू नका. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. तोंडावर पाणी फेकणं, चिमटे काढणं, ‘उठ, पुरे झालं’ म्हणणं बंद करा.

पोराला शिकवता येईल का?

सात-आठ वर्षांपुढच्याला येतं, खेळासारखं शिकवा. पोटावर वही ठेवून ती वर-खाली करायची. ‘फिट आली तर बघ’ अशी भीती घालून शिकवू नका. शाळेत वर्गशिक्षकांना नक्की सांगा. विहिरीत, कालव्यात, तलावात पोहायला एकटं सोडू नका, कितीही चांगलं ध्यान करत असला तरी.

काही केलं तरी फिट आलीच, तर जवळच्यानं काय करायचं?

घड्याळ पाहा. कुशीवर वळवा, डोक्याखाली दुपट्टा किंवा शेला, गळ्याजवळचं सैल करा, लागेल असं बाजूला सारा. तोंडात चमचा, किल्ली, बोट, पाणी काहीही नाही. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांच्या वर चालली, शुद्ध न येता दुसरी आली, पाण्यात आली, गरोदर बाईला आली, मार लागला, किंवा आयुष्यातली पहिलीच असेल तर 108 ला फोन. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे दिला असेल तर त्यांनी सांगितल्याप्रमाणे मारा.

फवारणी करताना किंवा नंतर कुणाला झटके आले, तोंडाला फेस, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, तर ती मिरगी समजून बसू नका. ती विषबाधा असू शकते. फवारणीच्या औषधाची बाटली सोबत घेऊन सरळ दवाखाना. 2017 मध्ये यवतमाळनं हे फार महागात शिकलंय.

मला जमत नाही. माझंच मन कमजोर आहे काय?

मन कमजोर असल्यानं फिट येत नाही आणि मन खंबीर असल्यानं थांबत नाही. घरच्यांनीही ‘आज ध्यान केलं नाहीस म्हणून आली’ हे वाक्य तोंडातून काढू नये. या सरावांचा हा एकच वाईट परिणाम मी पुन्हा पुन्हा पाहिलाय : आधी फिटची लाज होती, आता वर ती न थांबवता आल्याची. तसं होत असेल तर आयत्या वेळचे उपाय सोडून द्या. झोपण्याआधी दहा मिनिटं अंग सैल सोडा, एवढंच ठेवा.

डॉक्टरांना हे सगळं सांगायचं का? ओपीडीत दोन मिनिटं तरी मिळतात काय?

दोनच मिळतात, म्हणून तयारीनं जा. वहीतला शेवटच्या तीन महिन्यांचा हिशेब एका पानावर उतरवा : किती फिट, किती वेळा चाहूल लागून पुढे गेली नाही, किती गोळ्या चुकल्या. फिटचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ असेल तर दाखवा. चेहरा, दोन्ही हात आणि शेवटी शुद्धीवर येणं दिसलं पाहिजे. ‘मी श्वासाचा सराव करतो, गोळी चालूच आहे’ यातलं गोळीचं वाक्य आधी म्हणा, म्हणजे डॉक्टर पुढचं ऐकतील. दोन वेगळ्या गोळ्या नीट घेऊनही फिट थांबत नसतील तर मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मागा. नागपूरचं मेडिकल, तिथलंच एम्स, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आपल्याला एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहेत. जाताना सकाळची गोळी घेऊन निघा. तपासणी आहे म्हणून ती चुकवायची नसते, डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल तेवढं सोडून.